दुपारचा थेंब

हनियाच्या हातची गुंडी ओळखायला सफ्रू गावात कुणाला चष्मा लागत नसे. जेलाब्याच्या, म्हणजे पायघोळ झग्याच्या, गळ्यापासून ओळीने खाली उतरणाऱ्या रेशमी गुंड्या इथे घरोघरी बायका करतात. उंबऱ्याशी बसायचं, मांडीवर धाग्याची लड, हातात सुई, आणि तोंड गप्पांना मोकळं. पण हनियाची गुंडी वाटाण्याएवढी असली तरी तिचा एकही टाका दुसऱ्याच्या अंगावर चढलेला सापडायचा नाही. शिंपी तिच्या गुंड्यांच्या माळा वेगळ्या काढून ठेवायचे. हे ती जाणून होती, आणि जाणून असल्याचं लपवत मुळीच नव्हती.

हट्टी तर अशी, की विचारू नका. नवरा वारला तेव्हा दिरांनी तिला आपल्याकडे येऊन राहायला सांगितलं. हिने आधी विचारलं, "माझ्या गुंड्यांना उजेडाची जागा कुठली?" दिरांनी एकमेकांकडे पाहिलं. तेवढ्यावर ती उठली आणि धाग्यांचं गाठोडं घेऊन थेट मोठ्या बहिणीच्या, तामूच्या घरी आली. तामूही विधवा. तिच्या घराला चौक होता आणि चौकात दुपारपर्यंत उजेड. त्या चौकात मग शेजारपाजारच्या बायकाही आपापली कामं घेऊन येऊन बसू लागल्या आणि तामूचं शांत घर बाजार होऊन बसलं.

तामू हनियाच्या अगदी उलट. धार्मिक, मितभाषी, रमजानखेरीज सोमवार-गुरुवारचेही रोजे धरणारी. हनिया तिला लहानपणापासून लल्ला म्हणायची, इथे बाईमाणसाला मानाने म्हणतात तसं. रागावली की तामू बोलायची नाही, नुसतं तोंड फिरवून भिंतीकडे बघत बसायची. आणि तिचं ते भिंतीकडे बघणं दहा शिव्यांना भारी पडायचं.

हनियाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हा तिने आधी धाग्यावर खापर फोडलं. व्यापारी हल्ली फिके रंग देतो म्हणे. मग सुईवर फोडलं. मग एकदा ऑलिव्हसारख्या हिरव्या माळेत तिने मधोमध एक निळी गुंडी ओवली, आणि समोर बसलेल्या इत्तोने ती उचलून दाखवली. इत्तो शेजारीण, तिच्या जिभेला हाड नाही.

"अगं हनिया, हे काय, हिरव्यात निळं?"

"हिरवंच आहे ते."

"निळं आहे गं बाई. आकाशासारखं निळं."

"तुझं आकाश हिरवं असेल, त्याला मी काय करू?"

भांडण चांगलं संध्याकाळपर्यंत चाललं. शेवटी तामूने ती गुंडी हातात घेतली, दारात नेऊन पाहिली आणि काही न बोलता हनियाच्या मांडीवर ठेवून दिली. त्या दिवशी हनिया चौकात सगळ्यांच्या देखत रडली. गुंडी चुकली म्हणून नव्हे. आपण इतकं ठासून बोललो आणि आपले डोळेच खोटे निघाले, म्हणून.

आमच्याकडे गरिबांच्या डोळ्यांची ऑपरेशनं एक धर्मादाय मंडळ करतं, आणि ते करतं शाबानात, म्हणजे रमजानच्या आदल्या महिन्यात. देणाऱ्यांचा हात त्याच दिवसांत सैल होतो, त्यांचं तरी काय चुकलं. पण त्यामुळे होतं काय, की डोळ्यांवर पट्टी बांधून आणि पिशवीत औषधाची बाटली घेऊन माणसं फेझ शहरातून घरी येतात, आणि पट्टी निघेपर्यंत रमजानचा चंद्र दिसतो.

मागच्या वर्षी हनियाचा डावा डोळा असाच झाला. पट्टी निघाली आणि तिला चौकातल्या फरशीवरचे तडे दिसले. तिने त्यांचाही आनंद केला. थेंब दिवसातून चार वेळा घालायचे होते. पहिले काही दिवस तिने घातले. मग रमजान लागला. पहिल्याच दुपारी थेंब डोळ्यात पडला आणि जरा वेळाने घशात कडू चव उतरली. ती घाबरून बहिणीकडे गेली.

"लल्ला, घशात आलं."

आमच्या वाडवडिलांचं म्हणणं असंच आहे, की डोळ्यात घातलेल्याची चव दिवसा घशात आली तर रोजा मोडला. तामूने बाटली उचलून वरच्या फळीवर ठेवली. "मगरिबनंतर, सूर्य बुडाला की घाल. चार वेळा घालायचे ना? मग रात्री चार घाल. कुठे पळून जातोय डोळा?"

आणि दोघींना ते अगदी पटलं. जेवण दिवसाचं रात्रीवर ढकलता येतं, मग औषध का नाही? रोज संध्याकाळी रोजा सुटल्याचा भोंगा झाला, खजूर तोंडात गेला, हरीऱ्याचं सूप प्यायलं, की हनिया उशीवर डोकं टेकून एकामागून एक चार थेंब घालायची. निम्म्याहून जास्त गालावरून कानात जायचे. डोळा लाल झाला, ठणकू लागला, उजेड सोसेना. रमजानात डोकं कुणाचं दुखत नाही? असं म्हणून ती गप्प राहिली. ईद झाली आणि नजरेच्या बरोबर मधोमध एक डाग बसला. काचेवर कुणी तेलकट अंगठा टेकवावा तसा. बाजूचं दिसे, पण जिथे बघावं तिथेच नेमका अंगठा.

उन्हाळा सरल्यावर ती फेझला दाखवायला गेली. डॉक्टर बहीजा तरुण होती, पण बोलायला फटकळ, त्यामुळे हनियाला पहिल्यापासून आवडायची. हनियाला ती खालती म्हणायची, म्हणजे मावशी. तिने यंत्रातून बराच वेळ पाहिलं.

"खालती, ऑपरेशन चांगलं झालंय. थेंब कधी घालत होता तुम्ही?"

"रोज. एकही दिवस चुकवला नाही."

"दिवस नाही विचारत. वेळ विचारते."

हनियाने सांगितलं. डॉक्टर बहीजाने कपाळावर हात मारला, अगदी आई मारते तसा.

"अहो, ऑपरेशन म्हणजे जखम असते. जखम आतून सुजते. ती सूज उतरवायला हे थेंब. डोळ्यात एका वेळी एकच थेंब मावतो, बाकीचे तुम्ही उशीला पाजलेत. आणि सगळा दिवस त्या डोळ्याला औषधच नाही. सूज मनासारखी बसून राहिली आत."

"आता घातले तर?"

"आता थोडंफार सुधारेल. पूर्ण नाही."

"आणि उजवा?"

"उजवा पुढच्या शाबानात करू. त्याला जास्त थांबवता येणार नाही, मोतीबिंदू कडक होत चाललाय. पण खालती, हा तुमचा शेवटचा डोळा आहे. यालाही असंच केलंत तर गुंड्या विसरा."

परतीच्या गाडीत हनियाने कानाला खडा लावला. दोष कुणाला द्यायचा, हा प्रश्न तिच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि तिने तो गाडीच्या खिडकीतून बाहेर टाकला. तामूला तिने फक्त एवढंच सांगितलं, "पुढच्या वेळी थेंब दिवसाच घालणार." तामू भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

या वर्षी शाबानात उजवा डोळा झाला. रमजान ऐन जूनमध्ये आला होता. चेरीच्या टोपल्या रस्त्यावर आल्या होत्या, दिवस संपता संपत नव्हता आणि दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा बाहेर पडत नव्हतं. चंद्र दिसायच्या आधी हनिया सी बेनईसांकडे गेली. मशिदीत मुलांना कुराण शिकवणारे म्हातारे फकीह, म्हणजे धर्माचे जाणकार, ते (नावाआधीचं 'सी' मानाचं), गल्लीतल्या सगळ्यांच्या शंका त्यांच्याच गळ्यात.

"घशात उतरलं तर रोजा गेला, असं आमच्या गुरूंचं मत," ते म्हणाले. "काही जण म्हणतात, डोळ्यातल्या थेंबाने काही बिघडत नाही. पण लल्ला हनिया, आजारी माणसाला मुभा आहेच. रोजा मोडला तर मोडला. ईदनंतर ते दिवस भरून काढा."

"म्हणजे घालू?"

"डॉक्टर काय म्हणते?"

"घाल म्हणते."

"मग मला कशाला विचारता?"

"तामूला सांगायला."

सी बेनईसा दाढीतल्या दाढीत हसले. तामू मात्र हसली नाही. "सी बेनईसा हल्ली फार मऊ झालेत," एवढंच तिने म्हटलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

चारांतले तीन थेंब पहाटे, संध्याकाळी आणि रात्री बसत होते, अडचण दुपारच्या एकाची होती. पहिल्या रोजाच्या दुपारी हनिया बाटली घेऊन कोठीच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं, मान मागे केली, आणि घाईत पहिला थेंब भुवईवर पडला, दुसरा नाकावर. बाहेर बायकांचे आवाज येत होते. आपण चोरून साखर खाणाऱ्या पोरीसारख्या पिठाच्या कणगीमागे उभ्या आहोत, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला. साठी उलटलेली बाई मी! ती दार उघडून चौकात आली, बायकांच्या मधोमध स्टूल ओढलं आणि बसली.

"काय गं?" इत्तोने विचारलं.

"थेंब घालतेय."

"आत्ता? रोजा आहे ना?"

"रोजा सगळ्यांना आहे. डोळा मला एकच आहे."

तिने मान मागे टाकली. या वेळी घाई केली नाही. थेंब पडला, तिने डोळा मिटला, आणि डॉक्टरने शिकवल्याप्रमाणे नाकाशेजारचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरला, म्हणजे औषध डोळ्यात टिकतं. चौकातल्या सुया थांबल्या. जरा वेळ गेला. मग तिच्या घशाशी ते कडू आलंच.

"आलं," ती म्हणाली. उठली, मातीच्या घागरीतून पेला भरला आणि सगळ्यांच्या देखत गटागटा प्यायली. मोडलाच आहे, तर न मोडल्याचं सोंग तिला जमणार नव्हतं.

"बरं आहे बाई," इत्तो म्हणाली. "आम्हालाही कुणीतरी मोतीबिंदू द्या, म्हणजे जूनमध्ये गार पाणी मिळेल."

"घे की. जोडीला माझा डावा डोळाही घे, फुकट देते."

बाकीच्या बायका खाली बघून हसल्या. तामू हसली नाही. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं आणि ती ओठांत काहीतरी पुटपुटत होती.

पाणी हनिया प्यायची, पण जेवण तिला कधी गेलं नाही. भाकरीचा तुकडा तोडायची, समोर बसलेल्यांच्या सुकलेल्या तोंडांकडे बघायची, आणि तो परत झाकून ठेवायची. संध्याकाळी सगळ्यांबरोबरच ताटावर बसायची. याला हट्ट म्हणा, लाज म्हणा. तिला तरी त्यातला फरक कुठे सांगता आला असता.

पण एक गंमत झाली. कोपरा दाबून धरल्यावर एखाद्या दुपारी चव घशात यायचीच नाही. मग त्या दिवसाचा रोजा शाबूत. बायकांना हे कळलं, आणि दुपारचा थेंब म्हणजे चौकातला खेळच होऊन बसला. थेंब पडायचा, सुया थांबायच्या आणि सगळ्या जणी हनियाच्या गळ्याकडे बघत बसायच्या.

"आलं का?"

"थांब की."

"आता?"

"नाही आलं."

"अल्हम्दुलिल्लाह!" सगळ्या एकदम म्हणायच्या, जणू गल्लीत मुलगा झाला. आणि हनियाने चोरून पाहिलं, भिंतीकडे बसलेल्या तामूचे खांदे त्या क्षणी सैल व्हायचे.

तिथे हनिया घसरली. बहिणीचे ते खांदे तिला रोज सैल झालेले बघायचे होते. दुसऱ्याच दिवशी तामूने न बोलता एक धुतलेला पांढरा रुमाल तिच्या स्टुलावर आणून ठेवला. चंद्र दिसल्यापासून तिने हनियासाठी केलेली ती पहिली गोष्ट. थेंब पडला की लगेच टिपून घ्यायचा, म्हणजे घशापर्यंत जायला काही उरणार नाही. हे सांगावं लागलं नाही, दोघींना आपोआप कळलं. हनिया रोज टिपू लागली. रोज "नाही आलं" म्हणू लागली. तामू तिच्या ताटात मोठी चेबाकिया वाढू लागली, मधात भिजलेली तळणीची मिठाई. घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. सगळं कसं गोड चाललं होतं, आणि डोळा आतल्या आत सुजत होता.

एका सकाळी हनियाला उजेड टोचला. चौकातली भिंत पाहावेना. इत्तोने जवळ येऊन पाहिलं आणि पहिल्यांदाच तिला चेष्टा सुचली नाही. "अगं, लाल झालाय," ती म्हणाली. हा लाल रंग हनिया ओळखत होती.

तिने फेझला फोन लावला. डॉक्टर बहीजाने सगळं नीट ऐकून घेतलं.

"दुपारचा थेंब घालता?"

"घालते. सगळ्यांच्या समोर घालते."

"मग?"

हनियाने मान वळवली. चौकात तामू उभी होती. तिच्या हातात तो रुमाल होता, आताच धुऊन आणलेला.

"रुमालाने टिपते," हनिया म्हणाली.

"कुणी सांगितलं टिपायला?"

"कुणी नाही. माझी मीच."

फोनमधून डॉक्टर इतकी ओरडली की तामूलाही ऐकू गेलं. औषध डोळ्यात घालायचं आणि रुमालाला द्यायचं, याला काय म्हणायचं! आता जागेपणी दर दोन तासांनी थेंब घालायचा, एकही सोडायचा नाही, डोळ्याला काही लावायचं नाही, आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर सरळ फेझला यायचं. "खालती, अजून हातात आहे. पण अगदी थोडं हातात आहे."

हनियाने फोन ठेवला. तिला रडू येत होतं, पण रडलं तर डोळा पुसावा लागेल म्हणून तिने तेही आवरलं. मग ती इत्तोकडे वळली. "आजपासून आलं का, नाही आलं, असं कुणी विचारायचं नाही. विचारलंत तर चौकातून उठवीन. रोजे सगळे गेले असं धरून चाला. ईदनंतर मी देणं लागते आणि ते मी देईन. धागा वाचवायला टाके कमी घातले तर गुंडी उसवते, हे मी पोरींना शिकवते, आणि स्वतः काय करत बसले!"

इत्तोने मान हलवली आणि सुई उचलली.

दर दोन तासांचा हिशेब बाटलीला झेपणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी हनियाने बाटली दाबली आणि तिच्यातून नुसती हवा निघाली. तिने हलवली, पुन्हा दाबली. काही नाही. गल्लीतलं औषधाचं दुकान रमजानात दुपारचं बंद, ते उघडणार मगरिबनंतर. उघडं होतं ते एकच, नदीपलीकडे, नव्या वस्तीत, चढावर.

"संध्याकाळी आणू," एक बाई म्हणाली. "काही तासांचा तर प्रश्न."

हनियाने जेलाबा अंगात चढवला. ऊन आणि धूळ डॉक्टरने बंद केली होती, डोळा उघडत नव्हता, पण ती काळा चष्मा लावून चपला शोधू लागली.

"बस खाली," तामू म्हणाली.

"लल्ला, आज मला अडवू नकोस. मी ऐकणार नाही."

"बस म्हटलं ना."

तामूने तिच्या हातातली रिकामी बाटली काढून घेतली, डोक्यावरून ओढणी घट्ट बांधली आणि दाराबाहेर पडली. सत्तरीची बाई, पहाटेपासून पाण्याचा घोट नाही, बाहेर तव्यासारखी तापलेली गल्ली. हनिया उंबऱ्यात धावली आणि हाका मारल्या, पण तामू वळली नाही. रागावली की तिला मागे बघायची सवयच नव्हती. फक्त आज ती कुणावर रागावली होती, ते तिलाच ठाऊक.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. चौकातलं ऊन सरकत भिंतीवर गेलं. इत्तो दोनदा दारापर्यंत जाऊन आली. हनिया स्टुलावर बसून होती. डोळा ठणकत होता, आणि आता तिला डोळ्याची नव्हे, बहिणीची भीती वाटू लागली होती. तेवढ्यात दार वाजलं. तामूचा चेहरा तांब्यासारखा झाला होता. तिने भिंतीला हात टेकला, दम घेतला, पिशवीतून बाटली काढून इत्तोकडे दिली आणि घागरीजवळ जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, नमाजाआधी धुतात तसे, बोटाबोटामधून. तोंडावर पाणी मारलं, पण ओठ घट्ट मिटून.

मग ती हनियासमोर येऊन उभी राहिली.

"मान मागे कर."

"मी घालते, लल्ला. तुला नको हे."

"तुझे निम्मे थेंब गालावर जातात. मान मागे."

बोटाने पापणी खाली ओढून तामूने थेंब बरोबर मधे सोडला. दोन्ही हात मागे बांधून उभी राहिली आणि वाट पाहिली. रुमाल कुठेही दिसत नव्हता. जरा वेळाने हनियाने कडवटपणा गिळला आणि पाणी प्यायला उठली. तेव्हा तामूने तोंड फिरवलं, भिंतीकडे. तेवढं मात्र तिला पाहवत नव्हतं.

त्यानंतर प्रत्येक थेंब तामूने घातला. सुई ओवत असली तर सुई ठेवून उठायची, नमाज संपला की चटईवरून थेट बाटलीकडे. हनिया पाणी प्यायला गेली की भिंतीकडे वळायची, आणि परत आली की पुन्हा तिच्याकडे वळून बसायची. चौकातल्या बायकांनाही आता या सगळ्याची इतकी सवय झाली होती की सुया थांबेनाशा झाल्या. लाली आधी कडेने उतरली, मग बुबुळाभोवतीची. डॉक्टर बहीजाने फोनवर विचारलं आणि पुन्हा चार वेळांवर आणलं. हनियाने काळा चष्मा काढला. तरी डोळा बरा झाला असं ती म्हणेना. मागच्या वर्षीही तिला आधी फरशीचे तडे दिसलेच होते, मग तो अंगठा बसला होता. रोज सकाळी उठल्यावर ती डावा डोळा झाकून भिंतीकडे बघायची आणि नजरेच्या मधोमध काही बसलंय का ते शोधायची.

ईद तोंडावर आली होती. चौकात जेलाब्यांच्या गुंड्यांच्या माळांचे ढीग पडले होते आणि इत्तो घामाघूम होऊन व्यापाऱ्याच्या नावाने बोटं मोडत होती. दुपारी तामू बाटली घेऊन आली आणि हनियावर वाकली. हनियाने सवयीने डावा डोळा हाताने झाकला आणि वर पाहिलं.

बहिणीचा चेहरा तिच्या अगदी जवळ होता. मधोमध. कुठे डाग नाही, धुकं नाही. कपाळावरच्या आठ्या, भुवईतले पांढरे केस, हनुवटीवरचं लहानपणीचं हिरवं गोंदण, सगळं गुंडीवरच्या टाक्यांसारखं वेगवेगळं मोजता येत होतं. तामू इतकी म्हातारी कधी झाली, हे तिला आज कळलं.

"लल्ला, हलू नकोस."

"का? काय झालं?"

"दिसतेस तू."

तामूच्या हातातली बाटली थांबली. "काय दिसतं?"

"तुझे ओठ फुटलेत. खालच्यावर रक्त सुकलंय."

"उन्हाळ्याचे रोजे आहेत," तामू म्हणाली. "फुटणारच." "वर बघ. पापणी मिटू नकोस."

थेंब पडला. हनियाने डोळा मिटला, नाकाशेजारी बोट धरलं. चौकात इत्तो कुणाला तरी झापत होती. कडू चव हळूहळू घशात उतरली.

"आलं?" तामूने विचारलं. इतक्या दिवसांत तिने हा प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता.

"आलं."

हनिया डोळे मिटूनच उठायला लागली. तिच्या खांद्यावर हात पडला आणि त्याने तिला परत खाली बसवलं. पावलं घागरीकडे गेली. पाणी ओतल्याचा आवाज आला. मग पेल्याची गार कड तिच्या ओठांना लागली, आणि तिच्या डोक्यामागे आधाराला एक हात आला.

"पी," तामू म्हणाली. "सगळं पी."